निळ्या रंगाखालची चीर

मी घोडी बोलतेय. टापांची, आयाळीची घोडी नव्हे. दोन्हीकडे पाय फाकून उभी राहणारी लाकडी शिडी. आमच्या हिंगोलीकडं रंगारी आणि वायरमन मला घोडीच म्हणतात. नाव ऐकून वाटेल, मोठी धीट असेल. पण खरं सांगते, माझं निम्मं आयुष्य भीतीत गेलं. कुणी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं की अजूनही मी दचकते.

जन्माला आले तेव्हा मी अशी नव्हते. रिसाला बाजारात शकील मिस्त्रीचं दुकान आहे. शिरड शहापूरला एका शाळेचं जुनं छप्पर उतरवलं, त्यातलं सागवान त्यानं आणलं आणि त्यातून मला घडवलं. चार पाय, नऊ पायऱ्या, वर पितळी बिजागऱ्या आणि पाय फार फाकू नयेत म्हणून मध्ये एक साखळी. काम झाल्यावर तो स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. त्याची आई खुर्शीदबी दारातून ओरडली, "उतर रे! अब्बासारखा पडून हातपाय मोडून घेशील!" शकील हसला. म्हणाला, "अम्मी, ही मला पाडणार न्हाई." ते वाक्य मी फार अभिमानानं मिरवलं.

दुकानातून मला एका मंडपवाल्यानं नेलं. लग्न, बारसं, सत्कार, उद्घाटनं. मी माणसांच्या आनंदाच्या मागची बाजू पाहिली. समोर झालर आणि मागं बांबूला बांधलेल्या चिंध्या. माणसाला समोरची बाजू सजवायची भारी हौस असते.

मंडपवाल्याकडं वसराम नावाचा वायरमन होता. हलक्या अंगाचा, हलक्या पावलाचा. तो चढला की मला ओझं वाटत नसे. एका लग्नाच्या सकाळी फरशी नुकतीच धुतली होती. वसराम आठव्या पायरीवर उभा राहून दिव्यांची माळ बांधत होता. मला धरायला उभा केलेला माणूस फोन वाजला म्हणून बोलत बोलत बाजूला गेला. माझा डावा पाय ओल्या फरशीवरून सटकला. मी वसरामला घेऊनच खाली आले. त्याचा पाय माझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकला होता. तो मोडल्याचा आवाज माझ्यातून निघाला की त्याच्यातून, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याला रिक्षात घालून नेलं. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. माझा पुढचा डावा पाय ओट्याच्या दगडावर आपटला होता. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधोमध त्यात एक तिरपी चीर गेली होती, वीतभर लांब, आतपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मालकानं ती पाहिली. नख घालून पाहिलं. मग म्हणाला, "लांबी भरा आणि रंग मारून टाका." चिरेत लांबी, म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा, भरली; वर निळ्या तैलरंगाचे दोन हात दिले. मी नव्यासारखी दिसू लागले. त्याच आठवड्यात गावातल्या वस्तुसंग्रहालयासाठी एक उंच शिडी हवी असल्याचं त्याच्या कानावर गेलं. त्यानं मोठ्या मनानं मला देऊन टाकलं. वरच्या पायरीवर पांढऱ्या अक्षरात 'सप्रेम भेट' असं लिहूनही घेतलं.

हे संग्रहालय एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या इमारतीत आहे. एका संस्थेनं ते चालवलंय. भिंती पंधरा फूट उंच, चुन्याच्या. तिथं प्रदर्शनं मांडायचं काम करुणा पाहते. डोंगरकडा गावची मुलगी, कलेचं शिकून परत आलेली. हाताशी एकच मदतनीस, जळबा. पन्नाशीचा, कमी बोलणारा आणि कामाला वाघ.

मी पोचले तेव्हा करुणाचं आजवरचं सगळ्यात मोठं प्रदर्शन उभं राहत होतं. हट्टा गावच्या शेषराव पेंटरनं पन्नास वर्षं जिल्हाभर दुकानांच्या पाट्या हातानं रंगवल्या होत्या. छापील बॅनर आले आणि त्या पाट्या उतरल्या. करुणानं गावोगाव फिरून त्या शोधल्या. एक पाटी गोठ्याच्या छपराला ठोकलेली सापडली, एक कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाली होती. अशा एकेचाळीस पाट्या तिनं गोळा केल्या, मऊ फडक्यानं पुसल्या, गंज थांबवला.

प्रदर्शन मांडायचं म्हणजे किती खटाटोप असतो, ते मी तिथं पाहिलं. करुणा आधी पाटी भिंतीला लावतच नसे. पाटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून चिकटवायची, दहा पावलं मागं जायची, मान तिरपी करून पाहायची आणि म्हणायची, "जळबादादा, चार बोटं खाली." मग सूत धरायचं, ओळंबा सोडायचा, पेन्सिलीनं खूण करायची. चुन्याची भिंत भुसभुशीत, म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची आणि तिच्यात आकडा बसवायचा. प्रत्येक खुणेसाठी जळबाला चढावं लागे. माझ्यावरूनच.

पहिल्याच दिवशी मला कळलं की चीर जागी आहे. जळबा पाचव्या पायरीवर गेला आणि माझ्या आतली लांबी भुगा होऊन सरकली. मी कर्रकन आवाज केला. दुसऱ्या दिवशी जरा मोठा केला. मला बोलता येत नव्हतं, कण्हता येत होतं. तिसऱ्या दिवशी तर मी एवढी करकरले की करुणानं मान वर केली.

"दादा, घोडी काहून आवाज करून राहिली?"

"बिजागऱ्या सुकल्या असतील, ताई."

जळबानं तेलाची बाटली आणली आणि माझ्या दोन्ही बिजागऱ्या न्हाऊ घातल्या. बिजागऱ्या खरंच कुरकुरत होत्या, त्या गप्प झाल्या. त्यामुळं माझं खरं कण्हणं आणखी बारीक वाटू लागलं. जळबा समाधानानं म्हणाला, "आता बराबर हाय." त्याच्या त्या समाधानाची मला जितकी भीती वाटली, तितकी कशाचीच वाटली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी मोजत होते. जळबा चढला, उतरला. चढला, उतरला. दर वेळी चीर केसाएवढी पुढं जायची. ड्रिलची थरथर भिंतीतून त्याच्या हातात, हातातून पायात आणि पायातून थेट माझ्या जखमेत उतरायची. तो खाली आला की मला वाटायचं, सुटले. लगेच पुढचा कागद भिंतीला लागायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी एकच पाटी उरली. सगळ्यात मोठी, आठ फुटांची, लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. 'गुलाब सायकल मार्ट, हट्टा.' शेषरावनं सोळाव्या वर्षी रंगवलेली त्याची पहिली पाटी. ती दारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या वर लागायची होती. शेषराव ती पाहायलाच बसनं आला होता. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या सदऱ्याचा म्हातारा. ओरडून बोललेलंच काय ते ऐकू यायचं त्याला. करुणानं त्याला खुर्ची दिली. तो माझ्यापासून चार पावलांवर बसला.

पाटीचं डावं टोक घेऊन जळबा दोन टेबलं एकावर एक ठेवून उभा राहिला. उजवं टोक घेऊन करुणा माझ्यावर चढली. तिसरी पायरी, चौथी, पाचवी. मी श्वास धरल्यासारखी ताठ झाले. सातव्या पायरीवर ती थांबली. पाटीचं वजन, तिचं वजन, सगळं डावीकडं आलं. माझ्या दुखऱ्या पायावर.

डावा आकडा बसला. जळबा म्हणाला, "माझं झालं, ताई."

"माझं बी होऊनच राहिलं. एक बोटभर राहिलंय."

ते एक बोट सरेना. पाटीची कडी भिंतीतल्या आकड्यात जात नव्हती. करुणा चवड्यांवर उभी राहिली. माझ्या आत काहीतरी तुटलं. मी ओरडले, पण जळबानं वळून पाहिलं नाही, करुणानंही नाही. त्यांना त्या आवाजाची सवय झाली होती.

शेषरावला मात्र माझा आवाज मुळात ऐकूच येत नव्हता. तो पाहत होता. पन्नास वर्षं रंग पाहिलेले डोळे होते ते. माझ्या निळ्या रंगावर एक तिरपी रेघ उमटली, उघडली, मिटली आणि परत उघडली. तो खुर्चीतून उठला.

"करुणा! उतर!"

"झालंच मामा, एक मिनिट."

"उतर म्हणतो ना! घोडीचा रंग फाटून राहिला! खालून लाकूड गेलं हाय!"

करुणानं खाली पाहिलं. तिलाही ती फट दिसली. पण हात सुटेना. "पाटी सोडली तर पडंल, मामा! तुमची पहिली पाटी हाय ही!"

"पडू दे पाटी!" म्हातारा असा ओरडला की छपरातली कबुतरं उडाली. "पत्रा हाय तो! तू उतर, माय!"

आणि तो धावत आला. खुर्ची उलटली. माझे पुढचे दोन्ही पाय त्यानं कवेत घेतले, चीर स्वतःच्या छातीशी दाबली. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं! माझं मला ऐकू येईना, इतकं.

करुणानं पाटी सोडली. पाटी एका आकड्यावर झुलली, जळबाच्या हातातून निसटली आणि कोपऱ्यावर आदळली. करुणा उतरू लागली. सहावी. पाचवी. मी उरलेल्या तीन पायांत सगळं बळ गोळा केलं. मला एवढंच कळत होतं की पुन्हा नाही, पुन्हा माझ्यावरून कुणी पडायचं नाही. चौथी. तिचं पाऊल तिसरीवर टेकलं आणि माझा पाय काडकन मोडला.

ती दोन हात उंचीवरून जमिनीवर आली, शेषरावच्या अंगावर. तिचं कोपर सोललं. म्हाताऱ्याच्या तळहातात लाकडाची चोय घुसली. बाकी काही नाही.  मग करुणा लहान लेकरासारखी रडायला लागली. जळबा टेबलावरून उतरून माझ्याजवळ बसला, मोडलेल्या जागेतला लांबीचा भुगा बोटावर घेऊन पाहत राहिला. "मी बिजागऱ्यांना तेल दिलं," तो पुटपुटला. "बिजागऱ्यांना." त्या माणसाची मला फार कीव आली.

पाटी दुसऱ्या दिवशी लागली, डोळ्यांच्या उंचीवर. करुणा उद्घाटन पुढं ढकलायला निघाली होती. शेषराव म्हणाला, "कोपराच वाकला हाय. अक्षर शाबूत हाय. लाव."

मला बाहेर चिंचेखाली टाकलं होतं. आठ दिवस. येणारे-जाणारे म्हणत, चुलीत घाला. मी तेही ऐकलं. मग करुणा शकील मिस्त्रीला घेऊन आली. त्यानं मला ओळखलं. मोडलेली जागा पाहिली, लांबी पाहिली आणि त्याच्या तोंडून एक शिवी गेली. "जखम झाकली, ताई. दाखवली असती तर मी तासाभरात पाय बदलला असता." त्यानं उरलेले पाय ठोकून पाहिले. "आता हिच्या उंचीचा भरवसा न्हाई. कापावी लागंल."

करवत लागली तेव्हा मी जशी भ्याले, तशी कधी भ्याले नव्हते. सहा पायऱ्या गेल्या. 'सप्रेम भेट'ही गेली. शकीलनं सगळा निळा रंगही खरवडून काढला. उरल्या तीन पायऱ्या आणि चार नवे, बुटके, जाड पाय.

आता मी त्याच दालनात असते. वरच्या पाट्यांवरची बारीक अक्षरं वाचायला बुटकी माणसं, म्हाताऱ्या बाया माझ्यावर उभ्या राहतात. इथून पडून कुणाचं काही मोडायचं नाही, हे मला कळतं. तरी पाऊल पडलं की मी दचकतेच. भीती कापता येत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात, दुकानात, मंडपात उभी असेल तर चढण्याआधी तिच्याकडं एकदा नीट बघा. ती कण्हत असेल तर का कण्हते ते विचारा. आणि धरायला उभे राहिलात तर फोन वाजू द्या.

परवा शेषराव आला होता. करुणा त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "मामा, घोडी लई उघडी-बोडकी दिसून राहिली. तुमच्या हातानं रंग द्या ना. तुमाला आवडंल तो."

शेषरावनं माझ्या लाकडावरून हात फिरवला. चोय काढल्याची खूण अजून त्याच्या तळव्यावर होती.

"न्हाई," तो म्हणाला. "आयुष्यभर रंगच देत आलो. हिला न्हाई द्यायचा. हिला कुठं दुखलं तर आपल्याला दिसलं पायजे."