विहिणींची महालक्ष्मी

अष्टमीच्या सकाळी देवीचा गाल लतिकाबाईंच्या हातात आला आणि त्या मटकन खाली बसल्या. तांदळाच्या उकडीचा मुखवटा दुसऱ्यांदा तडकला होता.

देविकाची, त्यांच्या अवधी सुनेची, लग्नानंतरची ही पहिली अष्टमी. त्यांच्याकडे नव्या सुनेनं पाच वर्षं महालक्ष्मी पुजायची पद्धत. खरं तर सगळे चिपळूणला थोरल्या जाऊबाई पद्मावहिनींकडे जाणार होते, पण त्यांच्या यजमानांचा, बाळकृष्णरावांचा, पाय जिन्यावरून घसरला आणि प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा लतिकाबाई म्हणाल्या होत्या, "देवी इथे उत्तरेतच, मानक नगरात उभी करू. त्यात काय मोठंसं?" मुखवटा घडताना त्यांनी जन्मभर पाहिला होता. हात मात्र कधी लावला नव्हता.

"वहिनी, पुन्हा गेला हो," त्या फोनच्या पडद्याकडे बघत रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"कुठले तांदूळ घेतलेस?" पद्मावहिनींनी विचारलं.

"चांगले बासमती घेतले!"

"अगो, बासमतीला कुठला चिकटपणा? जाडा तांदूळ हवा. आणि उकड गरम असतानाच मळायची, हात भाजले तरी."

देविका दारात उभी राहून ऐकत होती. ती जरा चाचरतच म्हणाली, "आई, मम्मीला बोलावू? वो फरे बनाती हैं ना, तांदळाच्या पिठीचे, वाफवलेले. त्यांचा एकही फरा फुटत नाही."

विहीणबाई, म्हणजे लीलावती, राहायच्या याच शहरात, विकास नगरला. तरी लग्न झाल्यापासून दोनदाच आल्या होत्या, त्याही उंबऱ्याबाहेरून बोलून परत गेल्या. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. लतिकाबाईंना तो मनातून लागला होता. पण मखर बांधून तयार होतं, हिरवी पैठणी इस्त्री करून ठेवली होती आणि देवीला चेहरा नव्हता.

"बोलव," त्या म्हणाल्या.

लीलावती आल्या त्या नाहूनच, अष्टमीचा उपास धरलेल्या, हातात जाड्या तांदळाच्या पिठाचा डबा. या वेळी उंबऱ्यापाशी क्षणभर थबकल्या आणि आत आल्या. लतिकाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तसे त्यांनी हात जोडले. "बहनजी, बुरा मत मानिएगा."

"नाही हो, बुरा कसला," लतिकाबाई म्हणाल्या आणि पेला ओट्यावर ठेवला. वाईट वाटलंच.

मग दोघी कामाला लागल्या. लीलावतींनी उकळत्या पाण्यात तुपाचा थेंब सोडला, पीठ वैरलं, झाकण ठेवलं. वाफ मुरल्यावर गरम गोळा परातीत घेऊन "हाय राम, हाय राम" करत मळू लागल्या. लतिकाबाईही पुढे सरसावल्या. दोघींचे चारही हात लालबुंद झाले. गोळा लोण्यासारखा मऊ झाला तेव्हा तो तांब्यावर थापला.

"नाक?" लीलावतींनी विचारलं.

"तरतरीत हवं. हमारे कोंकण का," लतिकाबाई म्हणाल्या आणि चिमटीनं नाक ओढलं.

"तो गाल हमारे होंगे. देवी भूखी थोड़े ही दिखेगी!" लीलावतींनी दोन्हीकडे गोबरे गाल चढवले. त्या गालांनी ओठांची टोकं वर उचलली. लतिकाबाई काजळानं डोळे रेखत होत्या. मागे सरकून बघतात तो काय, देवी हसत होती.

फोनवर पद्मावहिनी ओरडल्या, "अगो लतिका! आमच्याकडे इतक्या वर्षांत अशी हसली नाही कधी!"

लीलावतींच्या डोळ्यांत पाणी आलं. घामानं त्या निथळत होत्या, ओठ सुकले होते. लतिकाबाईंनी ओट्यावरचा पेला उचलला.

"लीलावतीजी, एक बात बोलू? ये देवी आपल्या दोघींच्या हातची. मग ती झाली आपली लेक, और ये घर उसका मायका. लेकीच्या माहेरी आईनं पाणी प्यायला कसली मनाई?"

लीलावती बघतच राहिल्या. देवीकडे, मग देविकाकडे. मग पदरानं तोंड पुसून खळखळून हसल्या. "वकील की बेटी हैं क्या आप?" आणि पेला एका दमात रिकामा केला. देविकानं दोघींच्या गळ्यात एकदमच हात टाकले, तेव्हा तिच्या कपाळाला पिठाचा पट्टा लागला तो दिवसभर तसाच होता.

संध्याकाळी हॉल कॉलनीतल्या बायकांनी भरला. पैठणी नेसलेली, नथ ल्यालेली देवी मखरात उभी होती. आरतीनंतर तांब्याच्या घागरीला उदाची धुरी दिली. देविकानं पहिली फुंकर मारली, तर नुसतं फुस्स. अनीश हसला, तशी तिनं नवऱ्याकडे डोळे वटारले. लतिकाबाईंनी घागर घेतली, ओठांशी तिरपी धरली आणि घू घू असा घुमारा हॉलभर फिरला. त्या घागरीसह डुलू लागल्या, दोन पावलं पुढे, दोन मागे.

"अहो, इंजिन निघालं!" प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बाळकृष्णराव टाळ्या पिटू लागले.

"अब मुझे दीजिए," लीलावती म्हणाल्या. पहिल्या दोन फुंकरा वाया गेल्या. तिसरीला घागर अशी घुमली की शेजारच्या दोघी दारात धावत आल्या. लीलावतींनी पदर कमरेला खोचला. कुणीतरी ढोलक धरला, कुणी देवीचं अवधी गीत उचललं, आणि घागर त्याच तालावर बोलू लागली. लतिकाबाई समोर येऊन फेर धरत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं हसू आवरत नव्हतं.

सुजय, देविकाचा भाऊ, आईला घरी न्यायला आला आणि दारातच उभा राहिला. "मम्मी, चलें? गाड़ी नीचे है."

लीलावतींनी घागर तोंडावरून काढलीच नाही. एका हाताच्या खुणेनं त्याला बस म्हणून सांगितलं आणि पुढची फुंकर मारली.