पर्समधलं मशीन

आजोबांनी हातरुमाल मुद्दाम खाली पाडला आणि तो उचलायच्या निमित्तानं आजीच्या पर्सची चेन हळूच ओढायला घेतली. समोर रंगमंचावर त्यांची नात व्हायोलिन खांद्याला लावत होती.

ते व्हायोलिन आजोबांनीच नीट केलं होतं. जन्मभर वाद्यं दुरुस्त केलेल्या हातांनी लाकडाची नवी घोडी तासून तारांखाली बसवली होती. ते आज भरल्या सभागृहात कसं वाजतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. आणि कानाचं मशीन होतं पर्समध्ये.

पहिलं मशीन बसच्या गर्दीत कुणीतरी कानातूनच लांबवलं, तेव्हापासून आजीनं धसका घेतला होता. घराबाहेर पाऊल पडलं की मशीन डबीत, डबी पर्समध्ये आणि पर्स काखेत. बाजारात तेच, बँकेत तेच. कानाच्या डॉक्टरकडेसुद्धा आजोबांचा नंबर पुकारला की ती त्यांना कोपरानं ढोसायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. पण ही बाई ताक फडताळातून बाहेरच काढत नव्हती.

"अगं, इथे तरी दे," त्यांनी खुर्चीत बसल्यावर दोनदा मागून पाहिलं होतं. आजीनं नुसती मागच्या रांगेकडे डोळ्यांनी खूण केली होती आणि पर्स आणखी घट्ट धरली होती. आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

डबी बोटांना लागली, तोच मागून कुणीतरी त्यांचं मनगट पकडलं. मागच्या बाईचे ओठ भराभर हलत होते. दोघेतिघे उठले, एकानं त्यांची कॉलर धरली. तिकडे नात डोळे मिटून वाजवत होती. तिचा गज तारांवरून जात-येत होता आणि आजोबांना ढिम्म काही ऐकू येत नव्हतं.

आजी वळली. त्यांच्या हातातली डबी बघून तिचा चेहरा उतरला. तिनं कॉलरवरचा हात झटकला, लोकांना काहीतरी सुनावलं आणि सगळ्यांच्या देखत मशीन त्यांच्या कानात बसवलं.

टाळ्या एकदम कानावर आदळल्या. नात गज खाली घेऊन वाकत होती. आजोबांना रडू येईल इतका राग आला. तो गिळून त्यांनी विचारलं,

"कसं वाजलं गं?"

आजीनं रिकामी डबी पर्समध्ये टाकली.

"मला तरी कुठे ऐकू आलं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, चोर नाहीत, माझेच आहेत."