घड्याळजींचे मासे

गोष्ट दोन हजार अकरा सालची, ऑपरेटरबाई जन्मात पहिल्यांदा थोरल्या भावाला बुद्धिबळात हरवायच्या बेतात होत्या तेव्हाची.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. उभं आयुष्य दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, पण स्वतःच्या दादाशी फोनवर कधी चार शब्द धड झाले नाहीत. तो समुद्रापलीकडे राहायचा आणि मुळातच तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. लेकीनं दोघांना बुद्धिबळाच्या एका वेबसाइटवर बसवून दिलं, तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं घोडे-उंटांमार्फत चालायचं. साइटचा नियम एकच: तीन दिवसांत खेळी केली नाही, तर डाव गेला.

ही मुदत त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. बाईंनी मुद्दामच ताणलं होतं. एक घोडा हलवला की दादाच्या राजाला मात. असली चैन पुन्हा कुठली मिळायला? दोन दिवस त्या मनातल्या मनात तो घोडा उचलून ठेवत होत्या. शेवटी सावकाश, पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसल्या, तर ब्राउझर पटच दाखवेना. पांढरं पान, त्यावर पिवळा त्रिकोण, आणि खाली काय, तर या साइटवर भरवसा ठेवता येत नाही म्हणे.

"भरवसा? मी काय त्याला घर लिहून देतेय?" बाई ओरडल्या. "अहो, जरा बघता का?"

'अहो' म्हणजे घड्याळजी. दुकान बंद केलं तरी डोळ्याचं भिंग सुटलं नव्हतं. भिंगासकट आले.

"बंद करून चालू कर."

"केलं."

"मग चालू करून बंद कर."

"त्यापेक्षा तुम्हीच बंद व्हा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवर थाप मारून शेजारच्या रेडिओवाल्यांना बोलावलं.

रेडिओवाल्यांच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांची कारणं दोनच: धूळ आणि ढिला सांधा. त्यांनी डबा उघडून आत फुंकर मारली, स्वतःच शिंकले, मग डब्याच्या डाव्या गालावर एक चापट दिली. पिवळा त्रिकोण जागचा हलला नाही.

"वहिनी, इंटरनेट चढावर अडकतंय. घड्याळजी, ही वायर धरून स्टुलावर उभे राहा. अजून वर. लाइन उतारानं आली पाहिजे."

घड्याळजी हात वर करून उभे राहिले. इंटरनेट उतारानंही येईना.

"दादाला फोन करून खेळी सांग ना," ते वरून म्हणाले.

"त्याला? लहानपणी मला शिंक आली नि प्याद्याला बोट लागलं, तर तेच प्यादं चालायला लावलं त्यानं. म्हणेल, नियम म्हणजे नियम."

"मग ब्राउझरचं पोट साफ करू," रेडिओवाले बाह्या सरसावत म्हणाले. "जुनं साठलेलं सगळं पुसून टाकतो."

"खबरदार! पासवर्ड या ब्राउझरलाच पाठ आहे, मला नाही."

म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर जायची वाटही बंद. बाईंनी परगावी नोकरीला असलेल्या लेकीला फोन लावला.

"आई, खाली कोपऱ्यात किती वाजलेत बघ."

"साडेपाच. बरोबर आहेत. या घरात घड्याळ चुकेल का?"

"आणि तारीख?"

बाईंनी माउस तिकडे नेला. तारीख वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "अगं, इथं दोन हजार चार चाललंय!"

"म्हणूनच! साइटनं नवं कुलूप बसवलंय. तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं, असलं कुलूप अजून जन्मालाच आलं नाही. म्हणून दार उघडत नाही. तारीख बदल, झालं."

"तारीख बदलायची नाही," स्टुलावरून आवाज आला.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"मासे मरतील," घड्याळजी म्हणाले.

कॉम्प्युटरबरोबर माशांच्या टाकीचा एक प्रोग्रॅम आला होता. त्यातले मासे तारखेप्रमाणे भुकेजायचे, तारखेप्रमाणे म्हातारे व्हायचे. एकदा नवराबायको आठवडाभर बाहेर राहिले, तर परतल्यावर अख्खी टाकी उलटी तरंगत होती. घड्याळजींनी नवे मासे सोडले, आणि तेव्हापासून रोज पहाटे उठून ते कॉम्प्युटरची तारीख त्याच एका दिवसावर आणून ठेवत होते.

"आणि मी समजतेय, हा माणूस व्यायाम करतो!" बाई म्हणाल्या. "घड्याळजी असून असलं करता?"

"घड्याळजी आहे म्हणूनच. जन्मभर लोकांची घड्याळं पुढं चालवली. म्हटलं, कुणाला तरी थांबू द्यावं."

बाई रागावणार होत्या, पण राग तोंडापर्यंत आलाच नाही. "अहो," त्या म्हणाल्या, "दादानं मला एकदाही जिंकू दिलेलं नाही. एकदाही."

घड्याळजी स्टुलावरून उतरले. वायर रेडिओवाल्यांच्या हातात दिली. "आधी माशांना खायला घालतो. सात वर्षांचं एकदम लागेल."

ते बसले आणि खाद्याचं बटण दाबत सुटले. पडद्यावर दाण्यांचा पाऊस पडू लागला.

"बाबा काय करताहेत?" फोनमधून लेकीनं विचारलं.

"माशांना सात वर्षांचं वाढताहेत."

"बरं," लेक म्हणाली.

"थोडं वर टाका," रेडिओवाले वायर धरून म्हणाले. "वाटेत लागतं."

बाईंनी धीर धरला, धरला, आणि मग त्यांना धरवेना. "अहो, पुरे! ढेकर देतील आता!"

घड्याळजींनी डोळे मिटून तारीख बदलली. पान उघडलं. पट आला. बाईंनी घोडा उचलला आणि ठेवला. मात.

सहाला अजून अवकाश होता, आणि तो कशात घालवावा हे कुणालाच सुचेना. टाकी उघडून बघायला घड्याळजींचा हात होईना, तेव्हा रेडिओवाल्यांनी उघडली. बाकीचे मासे कुठंच नव्हते. एकच होता, पण पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आणि शेपूट तरीही बाहेर. बशीएवढ्या डोळ्यानं तो तिघांकडे बघत होता.

"जिवंत आहे," घड्याळजी पुटपुटले.

"अंगानं जरा सुटलाय," रेडिओवाले म्हणाले.

रेडिओवाले त्यानंतर कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली की आधी तारीख विचारायचे, मग ती इस्त्री का असेना. पुढं त्यांनी दुकान पुतण्याला दिलं. लेक सुट्टीत नवा कॉम्प्युटर घेऊन आली. जुना बैठकीत तसाच राहिला, माशासाठी. घड्याळजींनी पुन्हा तारीख मागं नेली नाही. मासा यथाकाळ म्हातारा झाला आणि एका दुपारी गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून उशिरापर्यंत झोपू लागले.

मात झाली त्या रात्रीच दादाचा फोन आला. घोडा तिथं जाऊच कसा शकतो यावर तो तासभर भांडला आणि शेवटी म्हणाला, "गुडघे कसे आहेत तुझे?" पुढं तिकडचं बिऱ्हाड मोडून तो बाईंच्याच गल्लीत राहायला आला. आता बुद्धिबळाचं नावही कुणी काढत नाही. रोज संध्याकाळी दोघं गॅलरीत खुर्च्या टाकतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावं ठेवतात.