वाणाचं रोप

मांडवाखालची फळी रिकामी दिसली तेव्हा शालिकरामच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरली नव्हती. परतवाड्यातल्या त्याच्या रोपवाटिकेत त्या फळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"रोपं कुठी हायेत वं?"

"वाटून टाकली," त्याची बायको सत्यवती म्हणाली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाले. बायकाइले स्टीलच्या वाट्याइचा कंटाळा आला. मनलं, यंदा रोपाचं वाण देऊ."

शालिकरामनं खांद्यावरची पिशवी खाली टाकली. चिखलदऱ्याच्या वरच्या कड्यावर त्या रोपांच्या जातीचं एकच झुडूप उरलं होतं. वनखात्याची परवानगी काढून त्यानं त्याच्या काड्या आणल्या. किती कुजल्या, किती वाळल्या, तेव्हा कुठं यंदा मुळ्या फुटल्या. आता बी मिळतं का पाहायला आठवडाभर वर राहिला, तर पावसाळ्यात दरड कोसळून झुडपाची जागाच नाहीशी झालेली. ते सांगायला घरी यावं तर घरात हे! त्यानं तिला सगळं सांगितलं.

ऐकून सत्यवतीचा चेहरा पांढराफटक पडला. पण परत मागायचं म्हणताच ती अडली. "देल्लेलं वाण मांगते का कोणी? सवाशिणीची वटी रिकामी करा लागते का मले?"

तो सायकल काढून कुंपणांवरून डोकावत फिरला. मागायची गरजच नव्हती. सगळ्यांनी हौसेनं काळ्या मातीत लावून तांब्या-तांब्या पाणी ओतलं होतं. खडकातल्या झाडाला ते विषच. जिथं पाहावं तिथं पानं काळी, माना टाकलेल्या. एक बाई तर उलट त्यालाच म्हणाली की रोप नाजूक निघालं तुमचं.

घरी आल्यावर सत्यवतीनं हळूच सांगितलं, एक पार्बताबाईलाही दिलं होतं. शेजारची म्हातारी विधवा. तिला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? उरलेलं कुंपणावरून दिलं, वाण म्हणून नव्हे. म्हणजे ते मागता येत होतं. शालिकरामला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

रोप पिशवीसकट पार्बताबाईच्या ओट्यावर सावलीत होतं. हिरवंगार.

"मावशी, लावलं काहून नाई?"

"मले कोन काई देते, बाप्पा? मनलं, चुकून आलं असन," ती म्हणाली. "कोणी ना कोणी न्याले येईनच. मनून लावलं नाई."

तिनं पदरानं पिशवीवरची धूळ पुसली आणि रोप त्याच्यापुढं धरलं. शालिकरामचे हात वर होईनात.