पोकळ टिंब

मुकुंदवाडीच्या त्या क्लासमध्ये धम्मपाल सर गणितातलं लिमिट शिकवायला लागले की पोरं आधीच हसायची, कारण सरांचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. आलेखात ज्या जागी फलनाला, म्हणजे फंक्शनला, किंमतच नाही, तिथं पोकळ टिंब काढायचं. कुणी ते भरून टाकलं की सरांचा पारा चढायचा आणि अर्धा मार्क गेलाच म्हणून समजा.

एवढ्या नेमक्या माणसाला प्रेम मात्र नीट मांडता आलं नाही, बिचाऱ्याला.

सत्यशीला तिथंच केमिस्ट्री शिकवायची. ती करमाडच्या धनगर घरातली, हा बौद्ध. दोन्ही घरं अडून बसली. आज तिच्या वडिलांची, मल्हाररावांची, मनधरणी करायची, तर उद्या याच्या आईपुढं रडायचं. यातच वर्षं गेली. दोघं चहाला बसली तरी विषय घरच्यांचाच. शेवटी याची आई वितळली आणि काल मल्हाररावांनीही बैठकीला बोलावणं धाडलं. आज धम्मपाल पेढे घेऊनच क्लासला आला.

सत्यशीलानं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"मला नाय करायचं लग्न," ती म्हणाली. "घरच्यांची समजूत घालता घालता आपलंच राहून गेलं. काल अप्पा हो म्हणाले, तर मला काहीच वाटलं नाय. लई शोधलं रे मी."

त्याला भांडायचं होतं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दुसरं कुणी नव्हतं, नुसता थकवा होता. माणूस थकव्याशी काय भांडणार? तासाची वेळ झाली आणि तो वर्गात गेला.

सवयीनं त्यानं फळ्यावर उदाहरण लिहिलं. एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन. एक्सच्या जागी दोन टाकले की शून्य भागिले शून्य, हाती काहीच लागत नाही. पण डावीकडून दोनच्या जवळ जा, उत्तर चारकडं सरकतं, आणि उजवीकडून गेलं तरी चारकडंच.

"दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येतात," तो म्हणाला. त्यानं रेघ ओढली, टिंब काढलं आणि खडू गिरवत गिरवत ते गच्च भरून टाकलं.

वर्गात चुळबुळ झाली. पुढच्या बाकावरची सोनिया भीत भीत उभी राहिली.

"सर, ते पोकळ पाहिजे ना? तिथं काहीच नसतं."

"व्हय," तो म्हणाला. "काहीच नसतं."

बोटानं तो टिंबाचा मधला भाग पुसत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा एकही पोरगं हसलं नाही.