काचेवरचा गार डबा

“वाळ्याची ताटी भिजवली तरी समोरची खिडकी फटभर उघडी ठेवजो, सूनबाई. हवेले आत याले वाट पायजे, तशी बाहेर जायलेबी पायजे,” असं अनुसयाबाईंनी मागच्या उन्हाळ्यात सांगितलं, तेव्हा कांतानं हो म्हटलं आणि सासूची पाठ वळताच खिडकी लावून घेतली. ती नागपूरहून बी.ए. होऊन वर्ध्याला आलेली. बाहेर झळा मारताहेत आणि खिडकी उघडी ठेवायची, हे काही तिला पटेना.

यंदा तिच्या कडेवर कुंदा होती. नुकती बसायला लागलेली, जरा ऊन लागलं की दूध टाकणारी. जामला कांताच्या भावाचं लग्न, तेही भर मे महिन्यात. तिच्या नवऱ्याची, मधुकररावांची मोटार महायुद्धाच्या आधीची. दुपारी तिचा टप तव्यासारखा तापायचा. पण जुन्या मालकानं तिच्या डाव्या काचेवर पत्र्याचा एक लांबट डबा टांगला होता. त्यात पाणी भरायचं, दोरी ओढून आतलं गवत भिजवायचं, की गाडी पळताना वारा त्या गवतातून गार होऊन आत यायचा. आता गवत कुजलेलं आणि पत्र्याला भोकं.

“कारागीर कशाला? आपणच करू,” मधुकरराव म्हणाले.

रविवारी ओसरीवर बेत ठरला. भोकांना कथलाचा डाग द्यायचा, ताटीचा उरलेला वाळा भरायचा, दोरी नवी घालायची. शेजारचे कापडवाले हिरालाल सहज डोकावले ते तिथंच बसले. त्यांचीही मोटार त्याच वयाची, आणि घरात बायको रुख्मिणी बाळंतपणातून नुकती उठलेली.

“काऊन मधुकरराव, दुकान सोडून गॅरेज खोलून राह्यले का?”

“खोललं तर पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच.”

हिरालाल हसले, पण जाताना कापड मोजावं तसं हातानं डब्याचं माप घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी रॉकेलच्या डब्याचा तसाच एक ठोकून घेतला.

“ताई, काचांचं कसं करू?” कुंपणापलीकडून रुख्मिणीनं विचारलं. तान्हं तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

“सगळ्या घट्ट लाव. गारवा बाहेर गेला तर उपयोग काय?” कांता म्हणाली. दुपारी ताटी भिजवून घर गच्च बंद करायची तिची रीत. मोटार म्हणजे तरी काय, चाकांवरची खोलीच.

सोमवारी मधुकरराव जेवायला आले, तेव्हा डबा बसवून तयार होता. कांतानं कुंदाला सासूच्या मांडीवर दिलं.

“आधी मी एकटी बसते.”

“माझ्यावर भरवसा नाही वाटतं?”

“तुमच्यावर आहे. डब्यावर नाही.”

सगळ्या काचा लावून पिपरी मेघेच्या रस्त्याला लागताच वाळ्याचा वास आला आणि गालाला गार झुळूक लागली. कांताला हायसं वाटलं. पण थोड्याच वेळात झुळूक मंदावली, मग थांबलीच. दोरी ओढली तरी अंग चिकचिकू लागलं, छातीवर ओलं घोंगडं टाकल्यासारखं झालं. कुंदा इथं असती तर, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं उजवीकडची काच दोन बोटं खाली केली. अडलेली हवा तिथून सुटली आणि डब्यातून पुन्हा गार वारा येऊ लागला. घरी पोचेपर्यंत तो तसाच चालू राहिला.

“जमलं,” उतरताना मधुकरराव म्हणाले.

“रुख्मिणीला सांगून येते,” म्हणत कांता कुंपणाकडे वळली.

“कोनाले सांगतं?” अनुसयाबाई म्हणाल्या. “ते तं गेली माहेरी, जामच्या अंगाले. सकाळी जायाची होती. हिरालाल म्हने, आता काय घाई हाय, गाडी थंडी हाय. तुमी गेले अन् मागंच निघाले ते.”

मधुकररावांनी जेवणाचं नावही काढलं नाही. गाडी वळवून ते जामच्या रस्त्यानं गेले. कुंदाला घेऊन कांता दारात उभी राहिली. रुख्मिणी काही वेडी नाही, जीव घाबरला की तिचा हात आपोआप काचेकडे जाईल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण काचा लाव म्हणून सांगणारी शिकलेली ताई होती, आणि रुख्मिणी तिचा शब्द मोडत नसे.

म्हणून तुमचं घर जामच्या वाटेवर असेल तर जरा बाहेर येऊन बघा. हिरवी जुनी मोटार आहे, काचेवर रॉकेलच्या डब्याचा पत्रा. हात करून थांबवा. मागं बसलेल्या बाईला विचारा, बाळ दूध ओढतंय का. आणि ती काहीही म्हणो, तिच्या बाजूची काच तेवढी खाली करायला लावा.