उसनी भिंत

आमच्या दुकानाला स्वतःची भिंत नव्हती. वडिलांनी दोन इमारतींच्या मधला बोळ हेरला, वर पत्रा टाकला, पुढे दार बसवलं आणि सलून उघडलं. उजवीकडे औषधांच्या गोदामाची भिंत, डावीकडे पाच मजली कचेरीची. दोन भिंतींचा खर्च वाचवला म्हणून ते मरेपर्यंत मिशीला पीळ देत होते. आयत्या बिळात नागोबा होण्याची एवढी हौस मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. कचेरीच्या भिंतीत खिळे ठोकून त्यांनी आरसे टांगले, आणि त्याच आरशांसमोर माझ्या दादाचे केस पिकले. मागच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. कचेरीतली माणसं बसून बसून फुगायची, मी त्यांच्या पँटी कमरेत सैल करून द्यायचे. त्यांचं पोट सुटलं की आमचं भरायचं.

कचेरी पाडून तिथे टॉवर होणार अशी बातमी आली तेव्हा आमच्या रस्त्याला कोण आनंद झाला. शेजारच्याची इमारत पडतेय म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. समोरचा चहावाला आमच्या व्यापारी संघटनेचा अध्यक्ष. निवडून दिलेला नाही, संघटनेच्या बैठका त्याच्याच बाकड्यांवर होतात म्हणून झालेला. त्याने सगळ्यांना जमवून समजावलं की टॉवरमध्ये श्रीमंत राहायला येतील, आणि श्रीमंतांनाही चहा लागतोच. झेरॉक्सवाल्याने रंगीत मशीन घ्यायचं ठरवलं. चपलांच्या दुकानदाराने पाटी बदलून 'फुटवेअर' करून टाकली. टॉवरवाल्यांचा एक साहेब आला, डोक्यावर पिवळी टोपी, पायात कोरे करकरीत बूट. त्याला या लोकांनी पुष्पगुच्छ दिला. पाडायला आलेल्या माणसाला.

रस्त्याच्या कडेने पत्रे ठोकले गेले आणि त्यांवर नव्या टॉवरचं भलंमोठं चित्र लागलं. चित्रात गोरीगोमटी माणसं, काचा, कारंजं, आणि आमचा रस्ता होता तिथे झाडांची रांग. माझ्या डोळ्यादेखत हे शहाणे त्या चित्रापुढे उभे राहून आपापलं दुकान शोधत होते. एका झाडामागे काहीतरी तपकिरी डाग होता. तो आपला चहाचा गाडा, असं अध्यक्षांचं म्हणणं. झेरॉक्सवाला म्हणे, छे, तो माझा दरवाजा. त्या डागावरून दोघांचं वाजलं, आणि आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. बुंधा असेल रे बाबांनो, असं मी सांगायला गेले तर बाईमाणसाला नकाशा काय कळतो म्हणून मला वाटेला लावलं.

मग कचेरी रिकामी झाली. कारकून गेले, शिपाई गेले, साहेब गेले, आणि त्यांच्याबरोबर चहा गेला, झेरॉक्स गेली, दाढ्या गेल्या, पँटी गेल्या. श्रीमंत यायला अजून टॉवर उभा राहायचा होता, त्याच्या आधी खड्डा व्हायचा होता, आणि कारकून तर आजच गेले होते. एवढा साधा हिशोब त्या रस्त्यावर एकालाही जमला नाही. वर धूळ. चहावर साय धरावी तशी धूळ धरायची. चपला रोज पुसायच्या आणि रोज न विकलेल्या परत मांडायच्या. तरी अध्यक्षांचं एकच पालुपद, थोडं सोसा, पुढे सोनं आहे. तोवर त्यांना पिवळ्या टोपीने टॉवरच्या तळमजल्यावर गाळा द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. झेरॉक्सवाल्यालाही केलं होतं. चपलावाल्यालाही. गाळा तिघांना तोच एक कबूल केलेला, पण तिघांनी कधी एकमेकांना विचारलंच नाही, कारण प्रत्येकाला वाटे, फक्त मलाच.

दादाकडे आता गिऱ्हाईक उरलं ते पाडणाऱ्यांचंच. त्यातला मशीनवाला, म्हणजे तो लांब लोखंडी हाताचं यंत्र चालवायचा तो, रोज सकाळी दाढीला यायचा. कमी बोलणारा, जाड मानेचा माणूस. मी दादाला म्हणायचे, जो आपल्या छातीवर यंत्र चालवणार त्याचीच हनुवटी तू गुळगुळीत करतोस. दादा म्हणायचा, खुर्चीत बसला तो गिऱ्हाईक. अशी माणसं असतात, त्यांच्या चांगुलपणाचा आपल्याला राग येतो.

वरचे मजले गेले. मग एका सकाळी पिवळी टोपी आमच्या दारात आली आणि गोड आवाजात सांगितलं की आज ही भिंत जाईल, तेवढं सामान हलवा. दादाला आधी समजेचना. कुठली भिंत? साहेबाने बोट केलं. आरशाकडे.

"ती आमची आहे," दादा म्हणाला.

"खिळे तुमचे आहेत," साहेब म्हणाला. "ते न्या."

वडील तेव्हा जिवंत असते तर मी त्यांना विचारलं असतं, दोन भिंतींचं वाचवलेलं कुठे गेलं. एका बाजूने उघडं पडलेलं दुकान, वरचा पत्रा ज्या भिंतीवर टेकलेला तीच नाही, म्हणजे दुकानच नाही. गोदामवाल्याच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, झालं. दादाच्या हातात दुसरा धंदा नाही आणि त्या रस्त्यावर दुसरी जागा नाही.

दादाने आरसे उतरवले नाहीत. त्याने दार उघडं ठेवलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसला आणि हातात कात्री धरून आरशात बघत राहिला. मी मशीनवर बसून राहिले. पलीकडे यंत्र सुरू झालं, आरसे थरथरले, आणि मग यंत्र बंद पडलं.

बंद पडलं नव्हतं, बंद केलं होतं. मशीनवाला खाली उतरून आमच्या दारात आला, आत डोकावून दादाला पाहिलं आणि साहेबाला म्हणाला, "आत माणूस आहे. माणूस असेल त्या भिंतीला मी हात लावत नाही." साहेबाने नोकरी काढून घेण्याची भाषा केली. तो म्हणाला, काढा, आणि यंत्राच्या सावलीत जाऊन बसला. त्या धंद्यातला हा नियम म्हणे सगळे पाळतात. दुसरा मशीनवाला बोलावला असता तरी त्याने हेच सांगितलं असतं.

मला वाटलं, जिंकलो. अजूनही त्या क्षणाची मला लाज वाटते ती एवढ्याचसाठी, की मी आपल्या माणसांना हिशोबात धरलं नव्हतं.

पिवळी टोपी रस्ता ओलांडून अध्यक्षांच्या बाकड्यावर जाऊन बसली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. थोड्या वेळाने आमच्या दारात तिघे उभे. अध्यक्ष, झेरॉक्सवाला, चपलावाला. मागे साहेबाचे दोन हमाल.

"अरे, सगळ्यांच्या भल्याचं बघ की," अध्यक्ष म्हणाले. "एका भिंतीसाठी साऱ्या रस्त्याचं काम अडवतोस?"

दादा आरशातूनच त्यांच्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला इथेच तयार केलं होतं बाबांनी. याच आरशात."

काकांनी आरशात पाहिलं नाही. मी मध्ये जाऊन उभी राहिले, तर झेरॉक्सवाल्याने मला बाजूला केलं, तेही 'ताई, तुम्ही जरा' असं म्हणत. आदर सोडला नाही हं त्याने. मग पाच जणांनी दादाला खुर्चीसकट उचललं. त्या खुर्चीचं बूड लोखंडी, दम लागेल एवढं जड. पण अशा कामाला माणसांच्या अंगात बळ येतं. दादा ना ओरडला, ना त्याने हातपाय झाडले. वरातीत मिरवावा तसा तो दारातून बाहेर निघाला आणि त्यांनी त्याला रस्त्याच्या मधोमध ठेवला. हमालांनी आरसे आणले, माझं मशीन आणलं. दुकान रिकामं झालं. मशीनवाल्याने आत एकदा चालत जाऊन, कोपऱ्यापर्यंत बघून खात्री केली. माझ्याजवळून जाताना मान खाली घातली. नियम होता तेवढा त्याने पाळला, आता त्याच्याकडे नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

भिंत पडायला वेळ लागला नाही. पत्रा तिच्यावर बसला आणि धुळीचा लोट आला तो थेट समोर, अध्यक्षांच्या भांड्यांत, झेरॉक्सच्या कागदांत, नव्या 'फुटवेअर'वर. तिघेही पिठात घोळल्यासारखे पांढरे झाले आणि खोकत उभे राहिले. साहेब गाडीची काच वर करून निघून गेला. गाळ्याचं कुणी विचारलं नाही.

दादा खुर्चीतून उठला. फडका काढून त्याने खुर्ची पुसली, पाठ पुसली, हात ठेवायची जागा पुसली. मग तिच्यामागे उभा राहिला, रोज राहतो तसा, आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "कोण बसतंय?"

चपलावाला पाटी झटकत होता, झेरॉक्सवाला आकाशात काहीतरी बघत होता. ज्यांचं डोकं या माणसाने जन्मभर हातात धरलं, त्यांना त्याच्यापुढे मान द्यायची हिंमत नव्हती.

मी मशीनजवळून उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. भर रस्त्यात, पुरुषांच्या खुर्चीत, अंबाडा सोडून. दादा म्हणाला, तुझे नको गं. म्हटलं, काप. बघू देत त्यांना, दुकान चालू आहे.